एकच दुखणं दोघींचं

हर्सूल, ता. ११ जानेवारी १९८२

आवडीच्या बाबांस,

आशाचा नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. तिकडं सरहद्दीवर बर्फ पडतोय आणि मोजे वाळत नाहीत हे वाचून दाखवलं तेव्हापासून आत्याबाई चुलीपुढं बसून लेकाच्या पायांचीच काळजी करताहेत. इथं सगळं ठीक आहे. माझ्या पायांवर सूज आहे, पण दाई बघून गेली. बाळ चांगलं फिरतंय म्हणाली.

एक कळवायचं होतं. परवा आवडीला शेजारच्या कुत्र्यानं जरा ओरबाडलं. शेजारच्या म्हणजे आपल्या बांधापलीकडं तात्यासाहेबांच्या शेतात झोपडी घालून राहतो त्या केरबा धनगराच्या. तुम्ही ओळखता त्याला. मागच्या सुट्टीत तुम्हीच तात्यासाहेबांना म्हणाला होतात की काका, मेंढ्या बसल्या की रानाला खत मिळतं, राहू द्या त्याला. त्याची बायको बानाबाई, तिलाही चावलंय. दोघींना शहरातल्या घाटीच्या सरकारी दवाखान्यात सुया चालू आहेत. माझे दिवस भरत आलेत, बसचे धक्के नकोत म्हणून आत्याबाई मला जाऊ देत नाहीत. बानाबाईला स्वतःसाठी जायचंच असतं, तीच आवडीला घेऊन जाते.

फिकीर करू नका. गालावर थोडं आहे. पोरीची जात म्हणून आत्याबाई रडतात. मी रडले नाही.

संक्रांतीचे तीळ भाजून ठेवलेत. तुमच्या वाटचा तिळगूळ आवडी खाईल.

तुमची,
आशा


हर्सूल, ता. १७ जानेवारी १९८२

आवडीच्या बाबांस,

नमस्कार. मागच्या पत्राचं उत्तर यायला वेळ आहे, पण राहवलं नाही म्हणून लिहिते.

काल गावातली माणसं काठ्या घेऊन केरबाच्या झोपडीवर आली. तात्यासाहेबांनीच पाठवलेली. आपल्या घरच्या पोरीचा गाल फाडणारं कुत्रं जिवंत ठेवायचं नाही, असा त्यांचा हुकूम. खरं सांगू? पहिल्या दिवशी मीच ओरडत होते, मारा मेल्याला म्हणून. पण घाटीतल्या डॉक्टरनं बानाबाईजवळ निरोप दिला होता. कुत्रं दहा दिवस बांधून ठेवा, खातंय-पितंय का बघा. पिसाळलेलं असलं तर तेवढ्यात कळतं. आधीच मारलं तर काहीच कळायचं नाही.

मग मला पळावं लागलं. पळावं म्हणजे काय, पोट हातानं धरून जमेल तसं. केरबा मेंढ्या घेऊन लांब गेला होता. बानाबाई एकटी कुत्र्यापुढं उभी, हाताला कोपरापर्यंत पट्टी. एका माणसानं काठी उचललेली. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले.

"याला हात लावायचा नाय," मी म्हणाले. "माझ्या पोरीचा जीव सध्या याच्यात हाय."

"वहिनी, तुमीच तर म्हणला व्हता—"

"तवा म्हणले व्हते. आता नाय म्हणत."

माणसं गेली. बानाबाईनं चांगल्या हातानं मला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. मी प्यायले.

डॉक्टरचा निरोप आल्यापासून रोज सकाळी मी भाकरी घेऊन बांधावर जाते. चित्र्या नाव आहे त्याचं. लांबून तुकडा टाकते आणि तो गिळेपर्यंत हलत नाही. माझ्या लेकराला फाडणाऱ्या कुत्र्याला भूक लागावी म्हणून मी देवाला हात जोडते. कालपासून मला बघून तो शेपूट हलवायला लागलाय. मला त्याचा राग येतो, आणि त्यानं नीट खाल्लं की हायसं वाटतं.

आवडी सुयांना रडत नाही म्हणे. बेंबीभोवती टोचतात. घरी आल्यावर मी पोट बघायला गेले तर तिनं फ्रॉक खाली ओढला. म्हणाली, "तुला नाय कळायचं. बानामावशीचं पण असंच सुजलंय. आमी दोघी फुंकर घालतो एकमेकीला."

परवा मी आत्याबाईंना न सांगता टांगा करून घाटीत गेले होते. गर्दी होती. तशीच परत आले.

आशा


हर्सूल, ता. ४ फेब्रुवारी १९८२

आवडीच्या बाबांस,

तुमचं रागाचं पत्र मिळालं. तात्यासाहेबांनी तुम्हाला सगळं कळवलं तर. "जरा ओरबाडलं म्हणजे काय, मी काय परका आहे का," असं तुम्ही विचारलंत. परके नाहीत म्हणूनच लिहिलं नाही. चार हजार फुटांवर का चौदा हजार फुटांवर, जिथं कुठं तुम्ही आहात, तिथं बसून तुम्ही काय केलं असतंत? आता विचारलंच आहे तर सांगते.

त्या सकाळी त्यांची एक मेंढी व्याली होती. आवडी उठल्याउठल्या तिकडं पळाली. कोकरू अजून ओलं होतं. ही कुंपणात शिरली आणि कोकराला उचलून छातीशी धरलं. चित्र्याला वाटलं चोरतेय. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. ओरडणं ऐकलं आणि उठले. उठायला मला हल्ली भिंत धरावी लागते. मी अंगणात पोचले तेव्हा बानाबाईनं कुत्र्याच्या जबड्यात स्वतःचा हात घातला होता. तिनं जबडा फाकवला, आवडीचा गाल सुटला आणि हिचा हात अडकला. तिची दोन बोटं आता वाकत नाहीत.

गालाची जखम डोळ्याखालून ओठापर्यंत आहे. कुत्र्याच्या जखमेला लगेच टाके घालत नाहीत म्हणे, तशीच उघडी ठेवली होती. आता भरत आलीय. आवडी हसली की तोंड एका अंगाला ओढलं जातं. डॉक्टर म्हणाले, वाढत्या वयात कमी होईल. सुया संपल्या. चित्र्या धडधाकट आहे, पिसाळलेला नव्हता. ही एक खबर चांगली.

तुम्ही लिहिलंत, बानाबाईचे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत, तिला चांगलंसं लुगडं घे, सख्खी बहीण मान. लुगडं घेतलं. आत्याबाईंनी शहागंजातून हिरवं आणलं, तांबड्या काठाचं. मीच जाऊन दिलं, कुंकू लावून दिलं.

मग घरी येऊन, तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलंय ते पत्रात शोधलं. एकच ओळ सापडली. "तुझं लक्ष कुठं होतं?"

माझं लक्ष भाकरीवर होतं. त्याच पोरीसाठी थापत होते.

अहो, हात मीही घातला असता. पोचले असते तर खांद्यापर्यंत घातला असता. पण पोचली ती. आता दोघींना एकच दुखणं, एकाच रंगाची पट्टी, एकाच बसनं जाणं आणि येताना रेवड्या खाणं. आवडी झोपेत कण्हली की मी उठून बसते. ती डोळे न उघडता म्हणते, "मावशे." कधी कधी मनात येतं, त्या कुत्र्यानं मलाच का चावलं नाही.

बानाबाईची दोन लेकरं गेलेली आहेत. एक गोवरानं गेलं. दुसऱ्याचं ती काही सांगत नाही. हे मला माहीत आहे, म्हणून माझ्या मनातलं कुणाजवळ बोलता येत नाही. आत्याबाईंजवळ तर नाहीच. त्या दिवसातून दहा वेळा म्हणतात, "बानाबाई नसती तर पोर गेली असती." मी मान हलवते.

पाय कोरडे ठेवा.

आशा


हर्सूल, ता. २ मार्च १९८२

आवडीच्या बाबांस,

तार मिळालीच असेल. मुलगा झाला. तुमच्या कपाळासारखंच कपाळ आहे, रुंद. बारशाला मामंजींचं नाव ठेवलं, पुंजाराम. नवऱ्याचं नाव आत्याबाईंनी उच्चारायचं नाही म्हणून त्या त्याला "पाहुणा" म्हणतात. तात्यासाहेबांनी गावात पेढे वाटले.

मी बरी आहे. या वेळी त्रास झाला. तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, बानाबाई त्या वेळी नव्हती. कळा सुरू झाल्यावर आत्याबाई तिला बोलवायला निघाल्या होत्या. मी म्हणाले, दाई आहे, पुरे. आवडीला तेवढी तिच्याकडं पाठवून दिली. आपणच पाठवायची आणि आपणच जळायचं, असं माझं झालंय.

आवडीनं भावाला एकदा बघितलं. म्हणाली, "लालभडक हाय. कोकरू जल्मल्यावर याच्यापेक्षा छान दिसतंय." सगळे हसले. मीही हसले.

बारशाला बानाबाई आली, तेच हिरवं लुगडं नेसून. बाळासाठी एवढीशी घोंगडी आणली होती. लोकर तिनं स्वतः कातलेली. बोटं वाकत नसताना कशी कातली कोण जाणे, सूत जागोजागी जाड-बारीक झालं होतं. बायका हातोहात बघत होत्या, कौतुक करत होत्या. मी घोंगडी घेतली, डोक्याला लावली आणि घडी करून फडताळात वर ठेवली. बाळाखाली जुन्या लुगड्याची दुपटीच घातली.

संध्याकाळी आवडीनं विचारलं, "मावशीची घोंगडी का नाय टाकली?"

"टोचते गं बाळाला."

"मला नाय टोचत," ती म्हणाली. म्हणजे दुपारची ती तिथं त्यांच्या घोंगडीवर झोपते हे मला तेव्हा कळलं.

आणखी एक सांगते, हसू नका. परवा तिच्या पायात बाभळीचा काटा भरला. मी अंगणात बाळाला तेल लावत बसले होते. ती पायरीवर आली, माझ्याकडं बघितलं आणि माझ्या समोरून लंगडत, एका पायावर उड्या मारत बांधापलीकडं गेली. काटा काढून परत आली. मी म्हणाले, "मला का नाय सांगितलंस?" तर म्हणते, "तुझे हात तेलाचे व्हते."

खरंच तेलाचे होते. त्या पोरीची काहीच चूक नाही. तरी मी त्या दिवशी जेवले नाही.

आशा


हर्सूल, ता. ३० मार्च १९८२

आवडीच्या बाबांस,

नमस्कार. पुंजाराम आता नजर लावून बघतो.

केरबा आणि बानाबाई गेले. फर्दापूरकडं कुणी शेतात मेंढ्या बसवायला बोलावलं म्हणे. धनगर माणूस, एका जागी किती राहणार. आणि घरात तान्हं लेकरू असताना चावरं कुत्रं शेजारी नको, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं.

आवडी ठीक आहे. फारशी बोलत नाही, पण ठीक आहे. शाळेत जाते. ऊन फार वाढलंय.

आशा


हर्सूल, ता. २८ एप्रिल १९८२

आवडीच्या बाबांस,

या महिन्यात तुमचं मला पत्र नाही. आत्याबाईंना आलं. ते मीच वाचून दाखवलं, कारण त्यांना वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. शेवटी लिहिलं होतं, "आशाला विचार, सगळ्यांचं म्हणणं म्हणजे कुणाकुणाचं?" मी ती ओळही वाचली. आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "मी तर काय म्हणले नव्हते बाई."

माझं म्हणणं होतं. फक्त माझं.

बारशानंतर आठवड्यानं मी तात्यासाहेबांकडं गेले. डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याशी बसले. म्हणाले, "एकदा रक्त चाखलेलं कुत्रं हाय, माझं बाळ पाळण्यात असतंय, रात्र रात्र डोळा लागत नाय." खोटं होतं. चित्र्या माझ्या हातची भाकरी खाऊन मोठा झाल्यासारखा वागत होता. मला त्याची भीती उरली नव्हती. तात्यासाहेब म्हणाले, "कुत्रं सोडून दे म्हणतो केरबाला." मी म्हणाले, "कुत्र्याबिगर मेंढरं कशी राखतील ती माणसं? जायचंच म्हणतील." तेच मला हवं होतं. त्यांनी त्याच दिवशी निरोप धाडला.

आता ते घाटीचंही सांगते. तिथं गर्दी नव्हती. मी पार दारापर्यंत गेले होते. आत बाकावर दोघी बसल्या होत्या. सिस्टरनं सुई भरली आणि आवडीला म्हणाली, "चल बेटा, आईचा हात धर घट्ट." आवडीनं बानाबाईचा हात धरला. पट्टी नसलेला. "ही माझी आई नाय" असं तिनं म्हटलं नाही. मी दाराआड उभी होते, दोन पावलं टाकली असती तर आत असते. टाकली नाहीत. टांग्यात बसले आणि आले. वाटेत टांगेवाल्या चाचांनी विचारलं, "क्या हुआ बेटी, दवाखाने में कोई सीरियस है क्या?" मी सांगितलं, कोणी नाही.

त्या दिवसापासून मला बानाबाई बघवेना. तिनं माझं काही घेतलं असतं तर भांडले असते. तिनं तर माझी पोर मला परत दिली होती. त्या माणसाशी भांडायचं कसं?

ती माणसं निघाली त्या सकाळी बानाबाई आवडीला भेटायला आली. मी दारात उभी राहिले. म्हणाले, "झोपलीय." ती म्हणाली, "उठवू नगा मग." दाराला हात लावून नमस्कार करतात तसा केला आणि गेली. आवडी आत जागी होती. मी आतल्या खोलीला कडी घातलेली होती आणि तिनं सगळं ऐकलं. ती रडली असती, मला मारलं असतं, तर बरं झालं असतं. ती कोपऱ्यात बसून राहिली. नंतर एवढंच विचारलं, "चित्र्या पिसाळला नव्हता ना?"

"नाय."

"मग?"

सहा वर्षांच्या पोरीला मी काय सांगणार? तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. भाकर दे. वेणी घाल. पाटी कुठंय.

चार दिवसांपूर्वी मी पुन्हा तात्यासाहेबांकडं गेले. ओसरीवर माणसं बसली होती. मला वाटलं, ती गेली की बोलावं. पण मग बोलणं झालंच नसतं. तिथंच सांगितलं. "कुत्र्याचं निमित्त व्हतं, तात्यासाहेब. माझी पोर तिच्याकडं जाती हे मला बघवत नव्हतं. केरबाला परत बोलवा."

तात्यासाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "सूनबाई, माझ्या तोंडून तू गरिबाला उठवलंस." मग म्हणाले, "तिथं मी दुसऱ्याला बसवलंय. आता त्याला उठवू?"

गावात आता सगळ्यांना माहीत झालंय. पाण्याला गेले की बायका गप्प होतात. तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. या वेळी सगळं लिहिलंय.

आशा


हर्सूल, ता. १९ मे १९८२

आवडीच्या बाबांस,

पत्र नाही. नसू दे. मी लिहिते.

शाळेला सुट्टी लागली तशी दोन्ही लेकरांना घेऊन फर्दापूरला जाऊन आले. आत्याबाई म्हणाल्या, "तान्हं घेऊन उन्हाची कुठं निघालीस? तिनं हाकलून दिलं तर?" मी म्हणाले, "दिलं तर येईन परत." निघताना त्यांनीच ज्वारीच्या पिठाची पिशवी बांधून दिली.

आवडीला कुठं चाललोय ते सांगितलं नव्हतं. नाहीच भेटली तर, असं वाटलं. एसटीत ती खिडकीशी बसली होती, जखमेचा गाल काचेला लावून. सिल्लोड गेल्यावर म्हणाली, "मावशीकडं का?" मी हो म्हणाले. तिनं माझ्या मांडीवरचा पुंजाराम घेतला आणि फर्दापूर येईपर्यंत स्वतः धरून बसली.

विचारत विचारत गेलो. गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला नांगरलेल्या रानात त्यांचं पाल होतं. आधी चित्र्यानं बघितलं. भुंकत आला आणि जवळ आल्यावर माझ्या पायांत लोळायला लागला. तिथं मला बघून आनंद झालेला तो एकटाच. आवडीनं त्याच्या गळ्यात हात टाकले. तिला भीती नव्हती.

बानाबाई पालाच्या सावलीत उभी होती. आवडी धावत जाऊन तिच्या पोटाला बिलगली. बानाबाईनं तिचा गाल बघितला, ओठ बघितला, केस मागं सारले. माझ्याकडं बघितलं नाही. तशीच म्हणाली, "उन्हातनं आलात. तान्ह्याला सावलीत घ्या."

केरबा आवडीला कोकरं दाखवायला घेऊन गेला. त्यानं मुद्दामच नेलं असावं. आम्ही दोघी बसलो. ती डाव्या हातानं चूल पेटवत होती. उजव्याची ती दोन बोटं तशीच ताठ.

"एक इचारू का, आशाबाई?"

"विचार."

"कुत्र्यानं चावलं त्याचं मला कायबी वाटलं नाय. मुकं जनावर. कोकरू राखत व्हतं. तुमी का चावलात?"

बसमध्ये मी पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. माफ कर, चुकले, पोर रडते. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हणाले, "मी पण राखतच होते."

"माझ्यापासनं?"

"व्हय."

"मी काय पळवून नेणार व्हते का लेकरू?"

"नेलं होतंस की. मी अंगणात बसलेली असताना काटा काढायला ती तुझ्याकडं आली."

तिनं चुलीत फुंकलं. धूर झाला. डोळे पुसत म्हणाली, "दवाखान्यात ती नर्सबाई रोज म्हणायची, आईचा हात धर. सांगता आलं असतं मला. बाई, मी आई नाय, आई घरी हाय, दिवस भरलेत तिचे. रोज वाटायचं, आज सांगावं." मग माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघून म्हणाली, "येकदाबी नाय सांगितलं मी."

मी त्या दारात उभी होते हे मात्र मी तिला सांगितलं नाही. तिचं तिच्याजवळ राहू दिलं.

मग मी ज्यासाठी गेले होते ते विचारलं. तात्यासाहेबांची जागा नाही तर आपल्या शेतात राहा. तुम्हाला न विचारता मी शब्द देत होते, तरी दिला. ती म्हणाली, "नाय. जिथनं उठवलं, तिथं फिरून पाल टाकत नाय आमी." तिनं ते रागानं म्हटलं नाही. पण तिनं मला माफ केलं असंही मी लिहिणार नाही. तिनं भाकरी वाढली, पुंजारामला अंगाखाली घोंगडी दिली, माझ्या दुधाची चौकशी केली. माफीचं काही बोलणं झालं नाही.

आम्ही मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी आवडी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांनी माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "मी राहू? शाळा उघडंपर्यंत? मग येते मी. खरंच येते."

तिनं पळून जाऊन लपायला हवं होतं, हट्ट करायला हवा होता, म्हणजे मला ओढून नेता आलं असतं. तिनं विचारलं. मी तोंड उघडलं तेव्हा मलाही माहीत नव्हतं की काय बाहेर पडेल. "राहा" असं बाहेर पडलं. ती हसली, तेच एका अंगाला ओढलेलं हसू. आणि पळताना परत फिरून माझ्या कमरेला एकदा मिठी मारून गेली. ती मिठी खुशीची होती का निरोपाची का मी हो म्हणाले म्हणून, याचा हिशेब मी वाटभर करत होते आणि अजून करतेय.

केरबा मला रस्त्यापर्यंत सोडायला निघाला. बानाबाईही बांधापर्यंत आली. मला लेकराचं सगळं तिच्या पदरात घालावंसं वाटत होतं. मी सांगायला लागले, तिला दूध निवत नाही तोवर देऊ नको, केस विंचरताना डाव्या कानामागं दुखतं, तिथं हळू. आणि रात्री पायांवर पांघरूण घालू नकोस, ती लाथाडते, पाय उघडेच लागतात तिला.

"ठावं हाय मला," बानाबाई म्हणाली.

लई लागलं. मी पुंजारामला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं. मग मला फिकीर नाय."

आणि एसटीत येऊन बसले.

तुमची,
आशा